मॅग्नेशियमच्या गोळ्या कोणी घ्याव्यात?

प्रश्न: उतारवयात रात्री पोटऱ्यांत पेटके येतात. मॅग्नेशियमच्या गोळ्या घ्याव्यात का?

उत्तर: दीर्घकाळचे जुलाब, लघवी वाढवणारी औषधे किंवा ओमेप्राझोलसारख्या आम्लपित्तावरील गोळ्यांचा वर्षानुवर्षे वापर यांमुळे रक्तातील मॅग्नेशियम खरोखरच घटले असेल, तर या गोळ्यांचा निश्चित उपयोग होतो, एरवी उतारवयातील पेटक्यांवर त्यांचा फारसा परिणाम चाचण्यांत दिसलेला नाही. गर्भारपणात रक्तदाब वाढून येणाऱ्या झटक्यांवर मात्र इंजेक्शनने दिलेले मॅग्नेशियम सल्फेट जीव वाचवते, आणि हाच त्याचा सर्वांत मोलाचा उपयोग मला वाटतो. मूत्रपिंडे अशक्त असल्यास मॅग्नेशियम शरीरात साचून श्वसन व हृदयाची गती मंदावू शकते, म्हणून आधी रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा घटक) तपासून घ्यावे. थायरॉइडची गोळी चालू असल्यास दोहोंत ४ तासांचे अंतर ठेवावे.