फेअरी म्हणजे परी नव्हे, फेअरी म्हणजे सटवाई

एका ताईंनी विचारलंय की त्या मुलांसाठी घरीच जगभरच्या गोष्टींची छोटी लायब्ररी करतायत, तीन फळ्या आहेत, मिथ, लेजेंड आणि फेअरी टेल अशा, तर त्यांवर मराठीत मिथक, दंतकथा आणि परीकथा अशा चिठ्ठ्या लावल्या तर चालेल का, आणि परी हा शब्द फेअरीवरूनच आलाय ना?

नाही. परी फेअरीवरून अजिबात आलेली नाही. बाकीचं नंतर सांगते, पण हे पहिलं, कारण हे मी शाळांच्या स्नेहसंमेलनापासून साहित्यावरच्या भाषणांपर्यंत सगळीकडे ऐकत आलेय.

आधी दोन चिठ्ठ्या चटकन उरकते. मिथक म्हणजे गैरसमज नव्हे. ‘डायबेटिसबद्दलची सात मिथकं’ असे मथळे रोज दिसतात, इंग्रजी मथळा समोर ठेवून मिथला ‘क’ चिकटवला की झालं काम. अहो, गैरसमज हा इतका सरळ शब्द आपल्याकडे असताना सृष्टी कशी झाली, माणूस मरतो का, आग पहिल्यांदा कुणी आणली असल्या कथांचं नाव साखरेच्या आजाराला कशाला? आणि दंतकथा. मोठा खेळाडू गेला की ‘क्रिकेटमधली दंतकथा हरपली’. माणूस दंतकथा कसा असेल? दंतकथा म्हणजे लेखी आधार नसलेली, तोंडोतोंडी चालत आलेली गोष्ट. ज्याच्या एकेक धावेची नोंद स्कोअरबुकात आहे त्याला दंतकथा म्हणणं म्हणजे त्याच्या धावा खोट्या ठरवणं. दिग्गज म्हणा, महान म्हणा.

इथे गंमत अशी की लेजेंड आणि दंतकथा हे शब्द मुळात एकमेकांच्या उलट आहेत. लेजेंड आलाय लॅटिन ‘लेगेन्दा’वरून, अर्थ ‘वाचायचं ते’. संताच्या सणाच्या दिवशी मठात त्याचं चरित्र मोठ्याने वाचायचे, ते लेगेन्दा. तेराव्या शतकात याकोबुस दे व्होराजिने याने अशा संतकथांचा मोठा संग्रह केला, ‘लेगेन्दा आउरेआ’, म्हणजे सोनेरी लेगेन्दा. आपल्याकडे याच्या जवळचं काय असेल तर महिपतीबुवांचा भक्तविजय, समोर पोथी, वाचणारा एक आणि ऐकणारे चाळीस. म्हणजे त्यांची लेजेंड पोथीतून वाचायची आणि आपली दंतकथा दातांतून, म्हणजे तोंडातून, यायची. अर्थ आता एकाच ठिकाणी येऊन बसलेत, भांडण नाही.

आता परी.

फेअरी आणि परी ऐकायला सारखे वाटतात म्हणून एक आणि एक दोन करणारे पुष्कळ आहेत, आणि यात मोठमोठे लोकही आहेत. जुन्या युरोपियन पंडितांमध्ये एक तर्क चालायचा, की फारसी परी अरबांकडे गेली, अरबीत ‘प’ नाही म्हणून तिची ‘फरी’ झाली, आणि ती धर्मयुद्धांतल्या सरदारांबरोबर युरोपात पोचली. ऐकायला फार छान. आपल्याकडे अजूनही हे सांगतात, फक्त उलट्या दिशेने, की इंग्रज आले आणि फेअरीची परी झाली. दोन्ही साफ चूक. पुरावा एका ‘र’मध्ये आहे.

जुन्या फ्रेंचमध्ये त्या बाईला ‘फाए’ म्हणतात, आजच्या फ्रेंचमध्ये ‘फे’. त्यात ‘र’ कुठेय? नाहीच. तो आला प्रत्ययातून. ‘फाएरी’ म्हणजे फाएंची दुनिया, फाएंची करणी. बेकरीतला ‘री’ असतो ना, तसलाच हा. इंग्रजीने त्या दुनियेचं नाव त्या बाईलाच चिकटवलं आणि ती फेअरी झाली. परीतला ‘र’ मात्र तिच्या हाडातला आहे, अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, ती ‘पइरिका’ आहे. एकीचा ‘र’ शेपटीतला, दुसरीचा पोटातला, मग नातं कसं जुळणार? कुणी फारसीतल्या ‘पर’, म्हणजे पंख, वरून परी काढतात, पंखवाली ती परी. तेही जमत नाही, कारण अवेस्तात पंखाला ‘परॅन’ म्हणतात, आपल्या ‘पर्ण’चा सख्खा भाऊ, आणि पइरिका त्यापासून वेगळी उभी आहे. (आणि ‘परिकथा’ असं ऱ्हस्व लिहू नका हो, तो ‘परि’ उपसर्ग झाला, परिक्रमेतला. परी दीर्घच, जोडशब्दातही.)

ही पइरिका होती कशी? वाईट. अवेस्तात ती चेटकीण आहे आणि बहुतेक वेळा ‘यातू’च्या जोडीने येते. यातू म्हणजे जादूगार, आपल्या ऋग्वेदातले यातुधान तेच, आणि फारसीतून फिरून आपल्याकडे आलेला ‘जादू’ही त्याच यातूचा. म्हणजे आज ज्या दोन शब्दांवर मुलांची निम्मी पुस्तकं चालतात, जादू आणि परी, ते अवेस्तात हातात हात घालून शिव्या खातायत! तिर यश्त या अवेस्तातल्या स्तोत्रात तर पइरिका पडत्या ताऱ्यांसारख्या आभाळातून येतात आणि पावसाचा तारा तिश्त्र्य त्यांना हरवतो. पुढे फारसी काव्यात हीच बाई सुंदर झाली, इतकी की चेहऱ्याची स्तुती करायची तर परीसारखा चेहरा म्हणायचं, आणि ती सजूनधजून आपल्या भाषेत आली. मूळच्या पइरिकेला आपल्याकडे शोधायचं असेल तर साती आसरांकडे बघा. आसरा म्हणजे अप्सराच, सात जणी, विहिरीवर नाहीतर नदीच्या डोहावर, सुंदर पण माणसाला धरणाऱ्या. भर दुपारी एकटीने विहिरीवर जाऊ नको असं मला लहानपणी सांगायचे ते त्यांच्यामुळे.

मग फेअरी कुणाची कोण? हे माझं सगळ्यात आवडतं आहे.

‘फाए’ आली लॅटिन ‘फाता’वरून. फातुम म्हणजे बोललेलं, उच्चारलेलं, आणि जे एकदा उच्चारलं गेलं ते टळत नाही म्हणून नशीब. फाता हे त्याचं अनेकवचन, लोकांनी त्यालाच स्त्रीलिंगी एकवचन समजून एक बाई उभी केली. इटालियनमध्ये ती अजून फाताच आहे, स्पॅनिशमध्ये ‘फ’चा ‘ह’ होऊन ‘हादा’ लिहितात आणि ‘आदा’ म्हणतात ती, पोर्तुगीजमध्ये फादा. गोव्यात अजून फादो गातात ना, तो दुःखाचा सूर, तो फादो म्हणजे तोच फातुम, नशीब. आणि या सगळ्याच्या मुळाशी धातू आहे ‘फारी’, बोलणे. याचं संस्कृत भावंड म्हणजे ‘भण्’, भणति. गुजरातीत भणवुं म्हणजे शिकणं, शिवाजी महाराजांवर लिहिणारा भूषण कवी आपली सही करतो ती ‘भूषन भनत’ अशी, आणि मराठीत त्या ‘भण’चं, पुढच्या ‘ण’चा नाकातला सूर आधीच लागून, झालं ‘म्हण’. म्हणणे. लीळाचरित्रात पानोपानी ‘सर्वज्ञें म्हणितलें’, अभंगात ‘तुका म्हणे’, आणि गावोगावच्या म्हणी. तर फेअरीचं आपल्या घरातलं नातं परीशी नाही, म्हणण्याशी आहे. फेअरी म्हणजे ‘म्हणणारी’.

आणि ती नेमकं हेच काम करते! ग्रिम बंधूंची काटेगुलाबाची गोष्ट घ्या, झोपी गेलेल्या राजकन्येची. राजाच्या राज्यात शहाण्या बाया तेरा, आणि सोन्याची ताटं बाराच, म्हणून तेरावीला बोलावलंच नाही. अकरा जणी एकेक वर देऊन झाल्या आणि तेरावी आत आली. कुणाला नमस्कार नाही, कुणाकडे पाहणं नाही. म्हणाली, पंधराव्या वर्षी या पोरीला सूत कातायची चाती टोचेल आणि ती मरून पडेल. बास, आली तशी निघून गेली. बारावीचा वर अजून उरलेला होता, पण तिलाही ते बोलणं पुसता येईना, फक्त मऊ करता आलं, मरणाऐवजी शंभर वर्षांची झोप. सगळी गोष्ट एका वाक्याभोवती फिरते. तलवार नाही, युद्ध नाही, एक बाई बाळाच्या पाळण्याजवळ काहीतरी म्हणाली एवढंच.

आता सांगा, बाळाच्या जन्मानंतर येऊन त्याचं पुढचं सगळं ठरवून जाणारी बाई आपल्याकडे कोण? परी? सटवाई!

माझ्या भाच्याच्या पाचवीला आजीने केलेली तयारी मला डोळ्यांसमोर दिसते. पाटा-वरवंटा धुऊन, हळदकुंकू लावून, शेजारी कोरा कागद आणि झाकण काढून ठेवलेलं पेन. मी पेनाचं झाकण लावायला गेले तर हातावर चापट बसली, ती काय झाकण काढत बसणार आहे का म्हणून. दिवा रात्रभर जळायला हवा, नाहीतर तिला अंधारात कसं लिहिता येईल. सकाळी कागद कोराच होता आणि आजी तो घडी करून ठेवताना म्हणाली, आपल्याला दिसायचं नसतं. जन्मभर मागे लागलेल्या गोष्टीला आपण ‘पाचवीला पुजलेलं’ म्हणतो ते या पूजेवरूनच. सटवाई हे नाव मात्र सहाव्या रात्रीचं, षष्ठी, सट्ठी, सटी, सटवी, सटवाई. हिंदीवाल्यांची छठी हीच.

कुणी म्हणेल, फाता बोलते आणि सटवाई लिहिते, म्हणजे वेगळ्या. मलाही आधी हे खटकायचं. पण रोमन लोकही बाळ जन्मल्यावर आठवडाभर देवीपुढे पान मांडायचे आणि शेवटच्या दिवशी बोलवायचे कुणाला, तर ‘फाता स्क्रिबुंदा’ यांना. लिहिणाऱ्या फाता! हे तेर्तुलियन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने साधारण इसवी सन २०० च्या सुमाराला, या प्रथेवर चिडून, लिहून ठेवलंय. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून नुसती बसले होते, आजीचं ते उघडं पेन आठवून. ग्रीकांकडे मेलिआगर नावाचा वीर सात दिवसांचा झाल्यावर मोइरा, म्हणजे नशीब ठरवणाऱ्या देवी, येतात आणि त्याच्या आईला सांगतात की चुलीतलं हे लाकूड जळून संपेल तेव्हा हा मरेल, आई लाकूड विझवून पेटीत लपवते. सहावी रात्र, सातवा दिवस, आठवड्याचा शेवट. मी असं म्हणत नाही की सटवाई रोमहून आली किंवा फाता इथून गेली. पण अनुवाद करणाऱ्याने काम बघून शब्द निवडावा की आवाज ऐकून? काटेगुलाबाच्या गोष्टीत ‘तेरा पऱ्या’ लिहिलं की मुलांना पंख आणि चांदणीची काठी दिसते, आणि ती तेरावी इतकी भयंकर का हे त्यांना कळतच नाही. ‘तेरा सटवाया’ लिहा, लगेच कळेल.

मी हे एका अनुवादाच्या कार्यशाळेत मांडलं तेव्हा व्यासपीठावरचे एक जाणकार म्हणाले की सटवी ही शिवी आहे, मुलांच्या पुस्तकात कशी घालणार. मला हे मुळीच पटत नाही. शिवी आपण केली. पइरिका चेटकीण होती ती चढत चढत लाडाची परी झाली, मुलींची नावं ठेवतो आपण, आणि सटवाई देवी होती, तिला उतरवत उतरवत नळावरच्या भांडणात आणून बसवली. शब्दाची अशी घसरण झाली म्हणून त्याला पुस्तकाबाहेर काढायचं की पुस्तकात आणून परत वर चढवायचं? आणि ‘परीकथा रूढ झालाय’ हे उत्तर मला देऊ नका, रूढ झालाय हे मलाही दिसतं, मी फेअरीबद्दल बोलतेय, परीकथेबद्दल नाही.

तर परीकथा. हा शब्द इंग्रजी फेअरी टेलचा अनुवाद, आणि फेअरी टेल हा फ्रेंच ‘कोन्त दे फे’चा. फ्रेंच लेखिका मादाम दोल्नुआने १६९७ मध्ये आपल्या गोष्टींना हे नाव दिलं, त्या खरंच फेंच्या गोष्टी होत्या. ग्रिमांचा शब्द वेगळा आहे, ‘मेर्शेन’, छोटी गोष्ट, त्यात परीबिरी काही नाही. उलट १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत रापुन्झेलला कोंडणारी बाई आणि काटेगुलाबातल्या त्या तेरा जणी ‘फे’ होत्या, पुढच्या आवृत्त्यांत फ्रेंच वास नको म्हणून एकीची चेटकीण केली आणि बाकीच्यांच्या शहाण्या बाया. हान्सेल-ग्रेटेल, हिमगौरी, लाल टोपीवाली, कुठेही फेअरी नाही. सिंड्रेलाला मदत करणारी फेअरी फ्रेंच लेखक पेरोची, ग्रिमांकडे तिच्या आईच्या थडग्यावरचं झाड आणि त्यावरचा पक्षी कपडे देतो. जगातलं सगळ्यात गाजलेलं ‘परीकथां’चं पुस्तक आणि त्यात परी शोधून सापडणं मुश्किल.

ताई, तुमच्या फळ्या राहिल्याच. ग्रिम बंधूंनी स्वतः तीन फळ्या केल्या होत्या, वेगवेगळ्या पुस्तकांच्या. मेर्शेन १८१२ पासून, मग १८१६ आणि १८१८ मध्ये जर्मन ‘झागेन’, म्हणजे अमुक डोंगर, अमुक किल्ला, अमुक राजा असा ठिकाणा असलेल्या गोष्टी, आणि १८३५ मध्ये याकोबने एकट्याने लिहिलेलं जर्मन दैवतांवरचं पुस्तक. झागेनच्या प्रस्तावनेत त्यांनी म्हटलंय की मेर्शेन जास्त काव्याकडे झुकते आणि झागे इतिहासाकडे. आणि ‘लेगेन्दे’ त्यांनी फक्त संत, देवदूत आणि मेरीमातेच्या गोष्टींना म्हटलं, १८५७ च्या आवृत्तीत दोनशे मेर्शेन झाल्यावर मुलांसाठी तशा दहा वेगळ्या काढून ठेवल्यात.

म्हणून गिल्गामेश, हेराक्लीज, थोर यांच्या फळीवर पुराणकथा लिहा, मिथक नको, मुलं आठवीत गेली की त्यांना तो शब्द साखरेच्या आजाराच्या बातमीतच भेटणार आहे. राजा आर्थर, रॉबिन हूड, विल्यम टेल यांच्या फळीवर दंतकथा चालेल, आख्यायिका जास्त चांगलं. तिसरीवर परीकथा लिहा, दीर्घ री. आणि काटेगुलाबाची गोष्ट वाचून दाखवताना तेरावीचं ते वाक्य आलं की जरा थांबा, आणि मुलांना त्यांच्या पाचवीच्या रात्री घरात काय काय मांडलं होतं ते सांगा.