प्रश्न तुमचे : आपले विरामचिन्ह, दुसऱ्याचा फोन

प्रश्न : लेख संपल्याची खूण म्हणून आमच्या त्रैमासिकासाठी एक छोटे फूल काढून घेतले. ते आमच्या फॉन्टमध्ये '~' च्या जागी बसवले आहे. छापील अंकात फूल छान उमटते, पण संकेतस्थळावर आणि व्हॉट्सॲपवर नुसते '~' दिसते. चुकले कुठे? — संपादक, सातारा

उत्तर : तुमच्या मजकुरात फूल साठवलेलेच नाही. तिथे आहे तो '~' चा क्रमांक, यू+००७ई. (युनिकोड या जागतिक मानकात प्रत्येक चिन्हाला असा एक क्रमांक असतो.) त्या क्रमांकाला फुलाचा आकार फक्त तुमचा फॉन्ट देतो. वाचकाकडे तो फॉन्ट नसल्यामुळे त्याचा फोन नेहमीचा आकार दाखवतो. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो, म्हणून तिथे फूल दिसते. पण तोच मजकूर कॉपी करून पाहा, '~' च येईल.

रुपयाच्या चिन्हाचेही हेच झाले होते. १५ जुलै २०१० ला '₹' मंजूर झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात युनिकोड ६.० मध्ये त्याला यू+२०बी९ हा क्रमांक मिळाला. मधल्या काळात आलेल्या फॉन्टांनी ते '`' या कळीवर बसवले होते. त्या फॉन्टमध्ये केलेली फाइल आज तो फॉन्ट नसताना उघडली, तर रकमेआधी '`' दिसते. तेव्हा दुसऱ्या चिन्हाची जागा कधीही बळकावू नका.

आधी तयार चिन्ह चालते का ते पाहा. तुमच्या कामाला अगदी शोभेल अशी देवनागरी पुष्पिका, म्हणजे पोथ्यांतली फुलाची खूण, युनिकोडमध्ये २००९ पासून आहे : यू+ए८एफ८. जुन्या पोथ्यांत ती बहुधा दोन दुहेरी दंडांच्या मध्ये येते, ॥ ꣸ ॥ अशी. नोटो सान्स देवनागरी फॉन्टमध्ये ती आहे, सगळ्या फॉन्टांत नाही. जिथे नसेल तिथे रिकामा चौकोन दिसेल. तरीही क्रमांक बरोबर असतो, आणि पुढे फॉन्ट आला की चिन्ह आपोआप दिसू लागते. '~' च्या बाबतीत ही आशाच नाही.

स्वतःचेच फूल हवे असेल, तर युनिकोडने खासगी वापरासाठी मोकळ्या ठेवलेल्या ६,४०० जागांपैकी एक घ्या. हा पट्टा ई००० पासून एफ८एफएफ पर्यंत आहे. शेवटची जागा टाळा, ॲपलच्या उपकरणांवर तिथे कंपनीचे बोधचिन्ह असते. एफ००० पासून पुढेही जाऊ नका, तिथे आयकॉन-फॉन्टांची गर्दी आहे. ई५०० सारखी जागा बरी.

मूळ देवनागरी फॉन्ट उघडून त्यात फूल घालण्याच्या भानगडीत पडू नका. तयार फॉन्ट फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पुन्हा जतन केला, तर जोडाक्षरांचे नियम बिघडण्याची भीती असते. शिवाय अनेक मुक्त परवान्यांत बदललेल्या फॉन्टला मूळ नाव ठेवता येत नाही. एकाच चिन्हाचा वेगळा फॉन्ट करा. फॉन्टफोर्जमध्ये नवी फाइल घ्या, एन्कोडिंगच्या रिफॉरमॅटमध्ये 'युनिकोड, बीएमपी' निवडा, व्ह्यूच्या गोटूमधून ई५०० वर जा, फूल आणा, त्याची रुंदी ठरवा आणि डब्ल्यूओएफएफ२ (संकेतस्थळासाठीच्या फॉन्टची) फाइल काढा. रुंदी शून्य राहिली तर फूल पुढच्या अक्षरावर चढते. ही चूक फार होते.

संकेतस्थळाच्या सीएसएसमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या फाइलमध्ये) फॉन्टच्या यादीत हा फॉन्ट पहिला लिहा आणि युनिकोड-रेंज फक्त ई५०० ठेवा. मग ज्या पानावर फूल आहे तिथेच ती फाइल उतरते. फूल केवळ सजावटीचे असल्याने त्याला एरिया-हिडन ही खूण लावा, नाहीतर स्क्रीन-रीडर, म्हणजे पान वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, तिथे अडखळू शकते.

व्हॉट्सॲपला फॉन्ट सोबत पाठवता येत नाही, त्यामुळे ई५०० तिथे चौकोनच दाखवणार. तिथे साधा '॥' द्या.

प्रश्न : कार्यालयीन पत्रांत 'विषय' या शब्दापुढे कोलनऐवजी ठिपक्यांचे वर्तुळ आणि दोन टिंबे दिसतात. — लिपिक, नांदेड

उत्तर : तो कोलन नाही, विसर्ग आहे (यू+०९०३). विसर्गाला आधाराला अक्षर लागते. जागा सोडून तो टाइप केला की आधार उरत नाही, म्हणून संगणक ठिपक्यांचे वर्तुळ घालतो. 'विषयः' असा चिकटवला तर वर्तुळ जाते, पण शब्द चुकीचाच राहतो आणि 'विषय:' शोधल्यावर सापडत नाही. उलट चूकही सर्रास होते : 'दु:ख' मध्ये कोलन टाइप केलेला असतो.

शंका आली तर वर्डमध्ये चिन्हाच्या लगेच पुढे कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स दाबा. ०९०३ आले तर विसर्ग, ००३ए आले तर कोलन. पुन्हा तेच दाबले की चिन्ह परत येते. सगळे विसर्ग शोधायचे तर फाइंडच्या चौकटीत '^', इंग्रजी लहान यू आणि २३०७ हे सलग लिहा. ०९०३ ची दशमान किंमत २३०७ आहे. 'रिप्लेस ऑल' मात्र दाबू नका, 'अंतःकरण' आणि 'निःशब्द' यांचेही विसर्ग जातील.

प्रश्न : सोसायटीच्या इंग्रजी एसएमएसचा खर्च अचानक दुप्पट झाला. मजकूर १५० अक्षरांच्या आतच आहे. — खजिनदार, ठाणे

उत्तर : मजकुरात '₹' किंवा वर्डमधून आलेले गोल अवतरणचिन्ह आहे का ते पाहा. एसएमएसच्या मूळ ७ बिटांच्या संचात एका संदेशात १६० अक्षरे मावतात. त्या संचाबाहेरचे एक चिन्ह आले की पूर्ण संदेश १६ बिटांत जातो आणि मर्यादा ७० वर येते. लांब संदेशाचे तुकडे पडतात तेव्हा जोडणीची माहिती जागा खाते : ७ बिटांत प्रत्येकी १५३, १६ बिटांत ६७. म्हणजे १३० अक्षरांच्या संदेशात एक '₹' घातले की दोन संदेशांचे पैसे पडतात, १४० असतील तर तिनाचे. '₹' च्या जागी इंग्रजी अक्षरांत 'Rs.' लिहा आणि अवतरणचिन्हे सरळ ठेवा.

मराठी संदेश सहसा १६ बिटांतच जातो, त्यामुळे त्यात '₹' घातल्याने काही बिघडत नाही. तिथे मोजणी सांभाळा : मात्रा आणि हलन्त वेगळे धरले जातात. 'स्त्री' डोळ्यांना एक अक्षर दिसते, एसएमएसच्या हिशेबात ती सहा आहेत.