ठाणे खाडीत जीटीए शोधायचेत? आधी दाता कोण ते ठरव

तुझा बेत असा: एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी ऐरोलीजवळून खाडीचं पाणी आणायचं, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं आणि त्यातले विषाणूसारखे कण (जीटीए) सांडपाण्यातल्या जिवाणूंची प्रतिजैविकरोधक जनुकं समुद्री जिवाणूंना पोचवतात हे दाखवायचं. विषय झकास आहे. पण या वाटेने गेलास तर व्हायव्हात पहिल्याच प्रश्नाला अडकशील.

जीटीए, म्हणजे जीन ट्रान्सफर एजंट, दिसतो फेजसारखा (फेज म्हणजे जिवाणूंना ग्रासणारा विषाणू), पण स्वतःची पैदास करत नाही. बॅरी मार्स यांनी १९७४ मध्ये ऱ्होडोबॅक्टर कॅप्सुलेटस या जिवाणूत तो दाखवला. त्याच्या डोक्यात जेमतेम ४ ते ४.५ हजार बेस जोड्यांचा तुकडा मावतो, तोही यजमानाच्या, म्हणजे कण बनवणाऱ्या जिवाणूच्या, जीनोममधला कुठलाही. कण घडवणारा मुख्य जनुकसमूहच १४-१५ हजारांचा, त्यामुळे तो अख्खा कधीच आत बसत नाही! शिवाय कण बाहेर पडतात ते पेशी फुटूनच. मरणाऱ्या पेशीला यात काय मिळतं, यावर तज्ज्ञांची अजून जुंपलेली असते; त्यावर वेगळा धागा काढू.

तुझं गणित बिघडतं ते इथे. सांडपाण्यातल्या ई. कोलायची रोधक जनुकं बऱ्याचदा मोठ्या प्लाझ्मिडवर (जीनोमहून वेगळ्या, गोल डीएनएवर) असतात आणि ती पेशीला पेशी भिडून जातात. माहीत असलेले बहुतेक जीटीए मात्र अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया या जिवाणूगटातले, आणि ई. कोलाय त्या गटात नाही. तेव्हा खाडीत रोधकता पसरताना दिसली, तर पहिला संशय प्लाझ्मिडवर.

तू ज्याचा आधार घेतलास त्या २०१० च्या 'सायन्स'मधल्या फ्लोरिडाच्या प्रयोगात कॅनामायसिनरोधक जनुक मुद्दाम घातलेले रोझिओबॅक्टर गटातले (अल्फाप्रोटिओबॅक्टेरियातलेच) समुद्री जिवाणू होते. हस्तांतराचं प्रमाण आधीच्या अंदाजांच्या हजारो ते कोट्यवधी पट निघालं. मी हा आकडा जरा जपूनच वापरतो. पण दाता, म्हणजे जनुक देणारा जिवाणू, त्यांच्या हातातला होता, हे विसरू नकोस. तुझ्या बाटलीत कोण कोण आहे, देव जाणे.

आता प्रत्यक्ष काम. खाडीच्या गाळाने ०.२२ चा फिल्टर लगेच तुंबतो, आधी जाड फिल्टरमधून काढ. गाळलेलं पाणी नुसतंच प्लेटवर पसरव. कॉलनी आली तर पेशी निसटल्यात. सुटा डीएनए मारायला डीएनेझ हे डीएनए तोडणारं एन्झाइम. रिफाम्पिसिन या प्रतिजैविकाची रोधकता खूण म्हणून वापरणार असशील तर कण न घातलेली प्लेट हवीच, कारण ती एका साध्या उत्परिवर्तनानेही येते. एवढं करूनही फेज आणि पेशींनी सोडलेल्या व्हेसिकल (पटलाच्या सूक्ष्म पिशव्या) उरतातच. त्यांच्यावर उपाय एकच: दात्याचाच, पण जीटीएच्या कवचाचं जनुक मोडलेला स्ट्रेन शेजारी चालवणं. तिथे हस्तांतर थांबलं तरच जीटीएचं नाव घे. आणखी एक मजेदार पुरावा म्हणजे कणांतला डीएनए जेलवर ४ हजारांच्या आसपास एकच पट्टा देतो, पण सिक्वेन्स केला तर त्यात यजमानाचा जवळपास सगळा जीनोम सापडतो.

माझं मत विचारशील तर हस्तांतराचा प्रयोग लॅबमधल्या ऱ्होडोबॅक्टरवर कर. खाडीतून फक्त रोझिओबॅक्टर वेगळे काढ आणि जीटीएच्या कवचाच्या जनुकासाठी पीसीआर लाव. पाणी घेताना भरती की ओहोटी आणि क्षारता वहीत लिहून ठेव, सर नक्की विचारतील.