झटका लागला नाही म्हणजे स्टॅटिक नव्हतं?

प्रश्न : कॉम्प्युटरची रॅम मी स्वतःच बदलतो, आजवर हाताला कधी झटका लागला नाही की ठिणगी दिसली नाही. मग तो मनगटाला बांधायचा पट्टा खरंच लागतो का? आणि रॅम ज्या चंदेरी पिशवीत येते तिच्यावरच ठेवली तर चालते ना?

उत्तर : झटका लागला नाही हा काही पुरावा नाही हो. अंगावरचं स्टॅटिक (घर्षणाने अंगावर साठलेली वीज) साधारण 3000 व्होल्टच्या आसपास गेलं की मगच आपल्याला जाणवतं, आणि काही चिप्स तर 100 व्होल्टच्या आतच बाद होतात, म्हणजे तुम्हाला कळायच्या आधीच काम तमाम. त्यातून चिप दरवेळी तिथल्या तिथे मरते असंही नाही, कधीकधी आतून अर्धवट दुखावते, चालू राहते, आणि मग पुढे कधीतरी मधूनच हँग होणं सुरू होतं नि शिव्या बसतात सॉफ्टवेअरला.

पट्टा घ्याच, तो अंगावरचा चार्ज वायरीने जमिनीत उतरवतो, पण तो कातडीला टेकला पाहिजे, शर्टाच्या बाहीवरून बांधून उपयोग शून्य. त्याच्या वायरीत 1 मेगाओहमचा रेझिस्टर (करंट रोखून धरणारा भाग) असतो तो तुमच्या जिवासाठी, चुकून लाइव्ह वायरीला हात लागलाच तर करंट अगदी थोडा जावा म्हणून, त्यामुळे साधी वायर गुंडाळून जुगाड करू नका. पट्टा नसेल तर कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावायचा, आणि एकदाच नाही, खुर्चीतून उठून आलात की परत लावायचा, कारण उठता-बसता, चालता चार्ज पुन्हा जमतो. प्लग काढलेला असला तरी तुम्ही आणि कॅबिनेट विजेच्या एकाच पातळीवर येता, ते महत्त्वाचं.

पिशवीचं म्हणाल तर ती वाचवते ती आत ठेवून तोंड बंद केल्यावर, वर ठेवून नाही. काही पार्ट गुलाबी प्लास्टिक पिशवीत येतात, ती तर फक्त स्वतः चार्ज तयार करत नाही एवढंच, बाहेरून आलेला झटका ती अडवत नाही.

आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात, थर्माकोल, सेलोटेप, प्लास्टिकचे कप असलं सामान टेबलावर असेल तर पट्ट्याने त्याचा चार्ज उतरत नाही, त्यांतून वीज वाहतच नाही ना, तेव्हा ते निदान फूटभर लांब ठेवा. हवा कोरडी असेल तर जास्तच सांभाळा. रॅम कडेने धरा, सोनेरी पट्ट्यांना बोट नको.