आहारभत्ता : अर्ज अडतो कुठे आणि नियम चुकतो कुठे

कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतात ओडीएसपी (अपंगांसाठीचे सरकारी अर्थसाहाय्य) किंवा ऑन्टारियो वर्क्स (गरजूंसाठीचे सरकारी अर्थसाहाय्य) घेणाऱ्यांना आजारामुळे वेगळे खावे लागत असेल, तर 'स्पेशल डाएट अलाउन्स' मिळतो. त्याबद्दलचे हे प्रश्न.

भावाला ओडीएसपी चालू आहे. सीलिॲकची (ग्लूटेन, म्हणजे गव्हासारख्या धान्यातले प्रथिन, न सोसणारा आतड्याचा आजार) शंका आली म्हणून महिन्यापूर्वीच आम्ही त्याचा गहू बंद केला. आता फॉर्म कोणाकडून भरून घ्यायचा?

फॉर्मच्या आधी निदान हवे, आणि नेमकी तिथेच अडचण आहे. सीलिॲकची रक्ततपासणी (टीटीजी-आयजीए) ग्लूटेनमुळे शरीरात तयार होणारी प्रतिपिंडे मोजते. गहू, बार्ली, राय बंद केले की ती ओसरतात. मग आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो आणि डॉक्टरांना सही करता येत नाही. तपासणीसाठी ग्लूटेन पुन्हा किती आणि किती आठवडे खायचे हे डॉक्टरांनाच ठरवू द्या, मनाने सुरू करू नका. एकूण आयजीएही (प्रतिपिंडांचा एक प्रकार) मोजायला सांगा. ते मुळातच कमी असेल तर पहिली तपासणी फसवते.

फॉर्म केसवर्करकडून मागून घ्यावा लागतो. त्यावर डॉक्टर, नर्स प्रॅक्टिशनर किंवा नोंदणीकृत डाएटिशियनची सही लागते. नॅचरोपॅथची चालत नाही. वैद्यकीय माहिती देण्याच्या संमतीवर भावाची सही करायची राहून जाऊ देऊ नका, आणि फॉर्म जमा करण्याआधी त्याची प्रत काढून ठेवा.

आईला क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा जुनाट आजार) आहे. वजन ६८ किलोवरून ६३ वर आले. काही मिळेल का?

मिळायला हवे. घट ५ किलोची, म्हणजे नेहमीच्या वजनाच्या साधारण ७.४ टक्के. भत्त्याच्या नियमात दिलेल्या यादीतल्या आजारामुळे ५ टक्क्यांहून जास्त आणि १० टक्क्यांपर्यंत घट असेल तर महिना १९१ डॉलर, १० टक्क्यांच्या पुढे २४२. बऱ्याचदा गाडी अडते ती 'नेहमीचे वजन' कागदावर नसल्यामुळे. दवाखान्यातल्या जुन्या नोंदी शोधून ठेवा.

आईंच्या बाबतीत १० टक्क्यांची रेषा ६१.२ किलोवर येते. ६१.५ असेल तर १९१, ६१ झाले की २४२. अर्ध्या किलोला ५१ डॉलर! आणि घट ५ टक्क्यांच्या आत असेल तर या कलमाखाली काहीच नाही. ज्या आहाराने वजन घसरलेच नसते, त्यासाठी हे कलम पैसे देत नाही. ही आम्हाला या नियमातली सर्वांत क्रूर गोष्ट वाटते.

सुधारणा मागायची तर नेमकी कोणती?

आधी थोडी पार्श्वभूमी. २००५ मध्ये गरिबीविरोधी कार्यकर्त्यांनी शिबिरे भरवून हजारो लोकांचे फॉर्म भरून घेतले. त्यावर सरकारने त्याच वर्षी नियम आवळले आणि ठरावीक आजारांना ठरावीक रक्कम अशी यादी आणली. २०१० मध्ये 'बॉल विरुद्ध ऑन्टारियो' प्रकरणात मानवी हक्क न्यायाधिकरणाने काही आजार वगळणे किंवा त्यांना कमी देणे हा भेदभाव ठरवला. निकालातून निघणारी कसोटी अशी : अपंगत्व आहे का, त्यासाठीचा आहार वैद्यकीय क्षेत्रात सर्वसाधारणपणे मान्य आहे का, आणि त्यामुळे खर्च वाढतो का. पुढच्याच महिन्यात अर्थसंकल्पात भत्ता बंद करण्याची घोषणा झाली. विरोधानंतर तो टिकला, पण एप्रिल २०११ पासून बदललेल्या नियमांसह.

आमच्या मते ही तीन कलमी कसोटीच अर्जाचा पाया व्हावी. आजार यादीत नाही पण तिन्ही उत्तरे 'हो' आहेत, तर भत्ता मिळावा. दुसरे, माणशी महिना २५० डॉलरची कमाल मर्यादा जावी. ही मर्यादा २००५ सालीही होती! २४२ मिळणाऱ्याला जोडीला सीलिॲक निघाला तर त्याच्यासाठी ८ डॉलर उरतात. तितक्यात ग्लूटेनविरहित पावाचे महिन्याचे गणित बसत नाही. तिसरे, रकमा ठरवताना नेहमीच्या किराण्याची टोपली आणि विशेष आहाराची टोपली यांच्या खर्चातला फरक दरवर्षी दुकानातल्या भावाने मोजावा.

सीलिॲकवाल्यांना आयकरात हाच फरक वैद्यकीय खर्च म्हणून दाखवता येतो. पण कर लागूच होत नसेल तर ती सवलत हाती येत नाही, आणि ओडीएसपीवरच्या बहुतेकांची हीच स्थिती असते.

अर्ज नाकारला. आता?

निर्णय कळल्यापासून ३० दिवसांत लेखी 'इंटर्नल रिव्ह्यू' (निर्णयाची अंतर्गत फेरतपासणी) मागा. तोही विरुद्ध गेला तर पुढच्या ३० दिवसांत सोशल बेनिफिट्स ट्रिब्युनलकडे अपील. फोनवरच्या आश्वासनावर थांबू नका. कम्युनिटी लीगल क्लिनिकमध्ये यासाठी मोफत मदत मिळते. जाताना नकाराचे पत्र पाकिटासकट न्या, तारखेचा वाद झाला तर शिक्का उपयोगी पडतो.