ब्रिटनमधल्या ड्यूक घराण्यांचे वाडे आणि जमिनी आजवर कशा टिकल्या?

तुम्ही विचारलंय की आपल्याकडे संस्थानिकांचे तनखे १९७१ साली बंद झाले, मग ब्रिटनमधल्या ड्यूकांच्या (म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या दर्जाच्या सरदारांच्या) इस्टेटी अजून शाबूत कशा? खरं तर सगळ्यांच्या शाबूत नाहीत. राजघराण्याबाहेरचे ड्यूक आज चोवीस आहेत आणि त्यांतल्या काहींकडे पूर्वजांचं घर उरलेलं नाही. किताब थोरल्या मुलाकडे आपोआप जातो. जमीन मात्र विकली जाते, गहाण पडते, करात जाते. लीन्स्टरच्या सातव्या ड्यूकनं तर धाकटा मुलगा असतानाच कर्जापायी आपला वारसाहक्क विकून टाकला होता. पुढे थोरला भाऊ गेला, किताब त्याच्याकडे आला, पण आयर्लंडमधलं कार्टन हाउस हातचं गेलं. १९७६ साली लंडनच्या पिम्लिको भागात, भाड्याच्या लहानशा खोलीत राहत असताना तो वारला.

ज्यांचं टिकलं, त्यांच्यात मला ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या चॅट्सवर्थ या वाड्याची हकिकत सगळ्यांत विलक्षण वाटते. ड्यूक ऑफ डेव्हनशायर म्हणजे कॅव्हेंडिश घराणं. किताब डेव्हनशायरचा, घर मात्र डार्बीशायरमध्ये. मठांच्या जमिनी सरकारजमा करण्याच्या कामावर असलेल्या सर विल्यम कॅव्हेंडिशनं आणि त्याची बायको बेस हिनं १५४९ साली ही जागा घेतली. १६९४ साली घराण्याला ड्यूकपद मिळालं. (जळगावची बसराई केळी ज्या कॅव्हेंडिश गटात मोडते, त्या गटाचं नावही याच घराण्यावरून पडलंय. इथला माळी जोसेफ पॅक्स्टन यानं १८३०च्या दशकात काचघरात ती केळी पिकवली होती.) आपल्याकडे सातबाऱ्यावर दर पिढीला नावं वाढत जातात, तिथे थोरल्यालाच सगळं, त्यामुळे इस्टेटीचे तुकडे पडले नाहीत.

पण विसाव्या शतकात वारसा करानं या घराण्याला जवळजवळ बुडवलं. दहाव्या ड्यूकचा थोरला मुलगा बिली यानं मे १९४४ मध्ये जॉन केनेडींची बहीण कॅथलीन हिच्याशी लग्न केलं आणि सप्टेंबरमध्ये तो बेल्जियममध्ये गोळी लागून मारला गेला. वारस झाला धाकटा अँड्र्यू. बापानं १९४६ साली इस्टेट त्याच्या नावावर केली. देणारा पाच वर्षं जगला असता तर कर लागला नसता. नोव्हेंबर १९५० मध्ये, अवघ्या पंचावन्नाव्या वर्षी, हृदयविकाराच्या झटक्यानं ड्यूक गेला. मुदत संपायला चार महिनेसुद्धा उरले नव्हते. कराचा दर होता ८० टक्के.

यातून बाहेर पडायला अँड्र्यू आणि त्याची बायको डेबोरा यांना दोन तपं लागली. हजारो एकर जमीन विकली. रेम्ब्रांट, होल्बाइन यांची चित्रं गेली. क्लोद लोरँच्या रेखाटनांची वही ब्रिटिश म्युझियमकडे गेली. बेसनं स्वतः बांधलेलं हार्डविक हॉल हे घराण्याचं दुसरं घर सरकारला द्यावं लागलं. १९५९ साली ते नॅशनल ट्रस्टकडे, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे, आलं. मला सगळ्यांत जास्त वाईट वाटतं ते हार्डविकचं. व्याजासकट सगळं फिटायला १९७४ उजाडलं.

तरी चॅट्सवर्थमध्ये अजून काय काय आहे! संगीताच्या दालनात आतल्या दारावर खुंटीला टांगलेलं व्हायोलिन दिसतं. हात लांबवून घ्यावंसं वाटतं इतकं ते हुबेहूब आहे. पण ते नुसतं रंगवलेलं आहे, यान व्हान डर व्हार्ट नावाच्या चित्रकारानं. हे दार मुळात लंडनच्या डेव्हनशायर हाउसमधलं. ते घर १९२०च्या दशकात पाडलं गेलं. दार त्याच्या कितीतरी आधी इकडे आणलं होतं, म्हणून वाचलं.

शेवटी कॅव्हेंडिश घराण्यानं शहाणपणाचं काम केलं. १९८१ साली एक धर्मादाय ट्रस्ट काढला आणि घर, बागा नि भोवतालचं पार्क त्याच्याकडे दीर्घ भाडेपट्ट्यानं दिलं. तिकिटांचा पैसा देखभालीत जातो आणि ड्यूकचं कुटुंब स्वतःच्या पूर्वजांच्या घरात ट्रस्टला भाडं देऊन राहतं.