पिक्चर अडकला, अडवला कुणी?

वाचक विचारतात : या अंकात प्रदर्शन रखडलेल्या चित्रपटांच्या बातम्या

प्रश्न : रखडलेल्या चित्रपटाच्या बातम्यांची तुलना हा माझा एम. ए.चा प्रकल्प आहे. चार पेपर गोळा केलेत, पण वाचून 'हा अमक्याच्या बाजूचा' यापलीकडे काही लिहिता येत नाही. कल मोजायचा कसा?
– विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : पेपर बाजूला ठेवा आणि आधी तारखांचा कागद करा. पेपर एकमेकांशी ताडून पाहिले की फरक कळतो, चुकलं कोण ते कळत नाही. त्यासाठी पेपरबाहेरचा पुरावा लागतो : प्रमाणपत्र, न्यायालयाचा आदेश, निर्मात्याचं निवेदन.

'पद्मावत'चं उदाहरण घेऊ. त्याचा एक धागा आपल्या पन्हाळ्याजवळ आहे. मार्च २०१७मध्ये मसाई पठारावरच्या सेटला हल्लेखोरांनी आग लावली. चित्रपट १ डिसेंबर २०१७ला लागणार होता. १९ नोव्हेंबरला निर्मात्या कंपनीने आपण होऊन प्रदर्शन पुढे ढकललं. ३० डिसेंबरला चित्रपट प्रमाणन मंडळाने (लोकांच्या भाषेत सेन्सॉर बोर्डाने) पाच बदलांच्या अटीवर यूए (लहान मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावा असं) प्रमाणपत्र देणार असल्याचं सांगितलं. १८ जानेवारी २०१८ला सर्वोच्च न्यायालयाने गुजरात आणि राजस्थानच्या मनाई आदेशांना स्थगिती दिली, इतर राज्यांनाही तसे आदेश काढण्यापासून रोखलं आणि २५ जानेवारीला पिक्चर लागला. आता १९ नोव्हेंबरच्या घडामोडीला कुणी 'बंदी' म्हटलं असेल तर ते चूक. त्या दिवशी मंडळाने बंदी घातलेली नव्हती. प्रमाणपत्रासाठीचा अर्ज अपुरा म्हणून परत गेला होता, एवढंच. दुसऱ्या दिवशी मध्य प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी 'आमच्या राज्यात लागणार नाही' म्हटल्यावर तो शब्द चालतो, पण राज्याचं नाव जोडूनच.

या कागदावरून तीन टप्पे निवडा : लांबणीवर पडणं, प्रमाणपत्र, प्रदर्शन. प्रत्येक टप्प्याचा आदला दिवस, तो दिवस आणि पुढचे दोन, म्हणजे चार अंक. चार पेपरांचे मिळून ४८ अंक होतात. एकट्या माणसाला एवढे झेपतात. सबंध महिना घेतलात तर पंधराव्या अंकाला कंटाळाल आणि नोंदी सैल होतील.

प्रत्येक बातमीसाठी तक्त्यात एक ओळ ठेवा. तारीख, आवृत्ती, पान, मथळा, बातमी एजन्सीची की स्वतःच्या बातमीदाराची, फोटो कशाचा, कुणाची किती विधानं आणि पहिलं कुणाचं, प्रमाणपत्राची सद्यस्थिती कितव्या परिच्छेदात. शेवटचा रकाना विसरू नका. 'मंडळाने अजून चित्रपट पाहिलेलाच नाही' हे वाक्य आठव्या परिच्छेदात ढकललं, तर वरचे सात परिच्छेद वाचणाऱ्याची समजूत वेगळीच होते.

जागा कॉलम-सेंटिमीटरमध्ये मोजा. तीन कॉलमी, १२ सेंटिमीटर उंच बातमी म्हणजे ३६. मथळा आणि फोटो यांची जागा वेगळी लिहा. फोटो मोठा आणि मजकूर चार ओळी, असं पुष्कळदा असतं. ई-पेपरवर पट्टी लावू नका, झूम बदलला की सेंटिमीटर बदलतात. तिथे पानाची पूर्ण उंची १०० धरून बातमीची उंची टक्क्यांत काढा. जुने छापील अंक हवे असतील तर करवीर नगर वाचन मंदिरात किंवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात चौकशी करा.

मोजमाप झालं की भाषेकडे या. खरी गंमत तिथे आहे. 'म्हणाले' हे सपाट क्रियापद. 'दावा केला'मध्ये शंका आहे, 'ठणकावलं', 'सुनावलं' यांत शाबासकी आहे आणि 'कबूल केलं' म्हटलं की बोलणारा आरोपीच्या पिंजऱ्यात गेला. एका पेपरात दिग्दर्शक सतत 'दावा करतो' आणि आंदोलक सतत 'ठणकावतात', असं दहापैकी आठ वेळा दिसलं तर तो योगायोग नव्हे. याच वाक्यांत मराठीची आणखी एक खूण सापडते : एकेरी आणि आदरार्थी. नेते 'म्हणाले', अभिनेत्री 'म्हणाली'. पण सिनेमाच्या पुरवणीत एकेरी लिहायची जुनी सवय आहे, म्हणून पुरवणी वगळून फक्त बातमीच्या पानांवरचं एकेरी मोजा.

त्यानंतर कर्ता. 'जमावाने सेट जाळला', 'सेट जाळण्यात आला', 'सेट जळाला' ही एकाच घटनेची तीन वाक्यं. तिसऱ्यात तर सेट आपोआप पेटला! मात्र पहिल्या दिवशी हल्लेखोर कोण ते ठाऊक नसताना 'अज्ञातांनी' लिहिणं प्रामाणिकपणाचंच आहे. पाहायचं ते पुढे : पोलिसांचा तपास सरकल्यावर कर्ता वाक्यात आला का, की शेवटपर्यंत 'जाळण्यात आला'वरच भागवलं?

फसायच्या जागा दोन. चारही पेपरांत पीटीआय या वृत्तसंस्थेची तीच बातमी असेल, तर मजकूर एकदाच धरा. मथळा आणि कापाकापी मात्र ज्याची त्याची. संकेतस्थळावरचे मथळे दिवसभरात बदलतात, म्हणून पाहिल्याची वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट तिथल्या तिथे घ्या. आणि तक्ता एकट्याने भरून मोकळ्या होऊ नका. त्याच २० बातम्या मैत्रिणीला स्वतंत्रपणे भरायला द्या. १६पेक्षा कमी ठिकाणी जुळलं तर दोष पेपरांचा नाही, तुमच्या व्याख्यांचा; त्या दुरुस्त करून पुन्हा भरा.

प्रश्न : 'पद्मावत'च्या वेळी कुणी २६ कट लिहिले, कुणी ५ बदल. खरं काय होतं? आणि 'सेन्सॉरने अडवला' असं सरसकट लिहिणं बरोबर आहे का?
– वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : मंडळाने सांगितलेले बदल पाचच. नाव बदलणं, ऐतिहासिक सत्याचा दावा नसल्याची सूचना, 'घूमर' गाण्यात बदल, ऐतिहासिक स्थळांचे चुकीचे उल्लेख सुधारणं आणि सतीप्रथेचं समर्थन नसल्याची सूचना. २६ची बातमी आली, पुढे तर ३०० कटची अफवा उठली, तेव्हा मंडळाच्या अध्यक्षांना जाहीर खुलासा करावा लागला. असा आकडा तपासायची जागा म्हणजे प्रमाणपत्राचा दुसरा भाग. कट आणि बदल तिथे नोंदलेले असतात. तो न पाहता 'सूत्रांनुसार' आलेला आकडा तक्त्यात वेगळ्या रंगाने लिहा. 'कट' आणि 'बदल' हेही एक नव्हे : सूचनेची पाटी वाढवली तर कात्री कुठे लागली?

'सेन्सॉर' हा शब्द मंडळाच्या नावातून १९८३लाच गेला, लोकांच्या तोंडून गेला नाही. त्यावरून कुणाला पक्षपाती ठरवू नका. पण अडवणारे चार असतात आणि त्यांची गल्लत मात्र खपवून घेऊ नये. पहिलं मंडळ : ते प्रमाणपत्र नाकारतं किंवा बदल सांगतं. त्यावर पुनरीक्षण समिती आहे. अपिलाचं न्यायाधिकरण २०२१मध्ये रद्द झालं, तेव्हापासून पुढचा रस्ता थेट उच्च न्यायालयाचा. दुसरं सरकार : ते कायदा-सुव्यवस्थेचं कारण देतं. तिथे बातमीत १९८९च्या रंगराजन खटल्याची आठवण हवी, कारण निदर्शनांची धमकी आहे म्हणून अभिव्यक्ती दाबता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने त्यातच सांगितलं. तिसरा थेटरवाला, चौथा खुद्द निर्माता. या शेवटच्या दोघांचा घोळ अमेरिकेतही झाला. डिसेंबर २०१४मध्ये धमक्यांनंतर मोठ्या थिएटर साखळ्यांनी 'द इंटरव्ह्यू' हा चित्रपट दाखवायला नकार दिला आणि निर्मात्या सोनी कंपनीने नाताळचं प्रदर्शन रद्द केलं. 'सोनीने शेपूट घातलं' आणि 'थिएटरांनी नकार दिला' या दोन्ही मांडण्यांना आधार होता; पेपराने कर्ता कोणता निवडला, त्यावर वाचकाचा राग कुणाकडे वळणार ते ठरलं. पुढे काही दिवसांतच तो मोजक्या थिएटरांत आणि ऑनलाइन दाखवलाही.

प्रश्न : मसाई पठारावरची आग कोल्हापूरच्या आवृत्तीत पहिल्या पानावर आणि मुंबईच्या पेपरात आत असेल, तर तो कलच ना?
– वाचक, उत्तरेश्वर पेठ

उत्तर : नाही. पन्हाळा आपल्या अंगणात आहे, बातमी मोठी येणारच. जिल्हा आवृत्तीची तुलना जिल्हा आवृत्तीशीच करा. एकाच पेपराच्या कोल्हापूर आणि मुंबई आवृत्त्यांत मथळ्याचा कर्ता बदलला असेल, तर मात्र तो तपासण्याजोगा फरक आहे.

प्रश्न : पेपराचं चित्रपटाशी व्यावहारिक साटंलोटं आहे का, हे सामान्य वाचकाला कळतं का?
– वाचक, कसबा बावडा

उत्तर : बऱ्याच अंशी कळतं. पोस्टरची तळपट्टी वाचा. तिथे चिन्हांच्या रांगेत मीडिया पार्टनर असतो. त्याच नावाच्या पेपरात किंवा वाहिनीवर आलेल्या मुलाखती तुलनेत वेगळ्या ठेवा. मग जाहिराती : प्रदर्शनाच्या आठवड्यात पान-अर्धं पान जाहिरात आणि समोरच्याच पानावर कौतुकाचा मजकूर असेल, तर दोन्ही एका ओळीत नोंदवा. जाहिरात आहे म्हणून बातमी विकली गेली, असा निष्कर्ष मात्र लगेच काढू नका. जाहिरात सगळ्याच पेपरांना मिळाली असू शकते.

दुसरा प्रकार खास पाहुण्यांचा. 'पद्मावत' प्रमाणपत्राआधीच काही निवडक पत्रकारांना दाखवला गेला आणि त्यावर मंडळाच्या अध्यक्षांनी उघड नाराजी व्यक्त केली. चित्रपट न पाहता विरोध करणारा आणि निर्मात्याच्या बोलावण्यावरून पाहून आलेला, यांना एकाच चर्चेत समोरासमोर बसवलं की दुसऱ्याचं पारडं आपोआप जड होतं. तो कुणाच्या बोलावण्यावरून गेला होता, हे प्रेक्षकाला सांगितलं होतं का, तेवढं तपासा.

प्रश्न : तथ्यच चुकीचं छापलं असेल तर दाद कुठे मागायची?
– वाचक, गडहिंग्लज

उत्तर : आधी संपादकांना लेखी कळवा : अंकाची तारीख, आवृत्ती, पान, चुकीचं वाक्य जसंच्या तसं आणि शेजारी कागदोपत्री पुरावा. दुरुस्ती आली नाही तर भारतीय प्रेस परिषदेकडे तक्रार करता येते. दैनिक आणि साप्ताहिकासाठी प्रसिद्धीपासून दोन महिने, इतर नियतकालिकांसाठी चार महिने मुदत आहे. कात्रण आणि संपादकांशी झालेला पत्रव्यवहार जोडा. 'पेपर एकांगी आहे' एवढ्यावर तक्रार उभी राहत नाही. '१९ तारखेला बंदी नसताना बंदी छापली' यावर राहते. वाहिन्या प्रेस परिषदेच्या कक्षेत येत नाहीत, त्यामुळे तो अर्ज तिकडे पाठवू नका.